पेला कोणी धरला

एनेलेसी म्सोसा ज्या वॉर्डची प्रमुख आहे, तिथे खाट मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग पूर्वी होता: डोक्यावर सलाईनची बाटली लटकलेली असणे. तळ्याकाठच्या जिल्हा रुग्णालयातला हा स्त्रियांचा वॉर्ड. खाटा कमी, बायका जास्त. उरलेल्या बायका दोन खाटांच्या मधल्या जागेत, दाराशी, व्हरांड्यात चटया टाकून निजत. बाटली टांगण्याचे हूक भिंतीत फक्त खाटांच्या उशाशी होते. त्यामुळे जिला बाटली तिला खाट, आणि बाटली उतरली की तिने चटईवर यायचे, असा शिरस्ता पडला होता.

हा शिरस्ता कोणी घातला याविषयी रुग्णालयात दोन हकिकती सांगतात. एकीप्रमाणे मिशनच्या काळातल्या कोण्या कडक मेट्रनने तो घालून दिला. दुसरीप्रमाणे तो कोणीच घातला नाही. सुताराजवळचे हूक संपले आणि पुढचे सारे आपोआप घडले. मला दुसरी अधिक विश्वासार्ह वाटते. मेट्रनचे नाव प्रत्येक जण वेगळे सांगतो. हूक मात्र अजून जागच्या जागी आहेत.

शिरस्त्याचा परिणाम मात्र निर्विवाद होता. वॉर्डात रुग्ण तपासणारे क्लिनिकल ऑफिसर कापलामुला यांना लोक डॉक्टरच म्हणतात, आणि डॉक्टरची सारी कामे तेच करतात. ते मनाने मऊ. एखादी म्हातारी कण्हत दारात आली की ते एनेलेसीकडे न बघता म्हणत, "आगोगोंना जमिनीवर कुठं निजवू, सिस्टर? एक बाटली लिहितो." आगोगो म्हणजे आजीबाई. आजीबाईंना ताप असो, कंबरदुखी असो, की नुसता अशक्तपणा असो, उजव्या हातात सुई जाई आणि त्या सन्मानाने खाटेवर चढत. त्या वॉर्डात सलाईन हे औषध राहिलेच नव्हते. तो खाटेचा परवाना झाला होता.

शिवाय बाटलीला साक्षीदार लागत, आणि ते रोज येत. दुपारी फाटक उघडले की गावेच्या गावे आजाऱ्याला भेटायला लोटत. इथे कोण भेटायला आले नाही हे आजारी माणूस बरा झाल्यावरही विसरत नाही. आलेले पाहुणे आधी वर हुकाकडे बघत, मग खाली आजाऱ्याकडे. वर बाटली असेल तर मान डोलावत. नसेल तर सोबतीला राहिलेल्या बाईला बाजूला घेऊन हळूच विचारत, "काय गं, इथं काही करतात की नाही?"

एनेलेसी स्वतः याच पाण्यात वाढलेली. तिचे मामा जैलोसी होड्या बांधतात. इथल्या रीतीप्रमाणे बहिणीच्या मुलांचा भार त्यांच्यावर होता, आणि तो त्यांनी हौसेने उचलला. एनेलेसीला शाळामास्तरीण व्हायचे होते. मामा म्हणाले, "मास्तरणी गल्लोगल्ली आहेत. घरात एक तरी सुई धरणारी हवी." मामांचा सुईवर गाढ विश्वास. गोळी ही त्यांच्या मते दुकानातही मिळते. सुईसाठी रुग्णालय लागते. त्यांनी भाचीला नर्सिंगला घातले, आणि सणासुदीला जमलेल्या नातलगांत तिचा उल्लेख ते अजूनही "आमची सुई" असाच करतात.

मग एका पावसाळ्यात मासेमारांच्या वस्तीत कॉलरा आला. एका तरुण बाईला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणले; मनगटाशी नाडी लागत नव्हती. एनेलेसीने कोठाराकडे माणूस धाडला. तो रिकाम्या हातांनी परतला. वॉर्डात त्या वेळी खाटोखाटी बाटल्या होत्या, आणि बहुतेक खाटांवरच्या बायका सकाळची पेज पीत होत्या. शेजारच्या आरोग्य केंद्रातून बाटल्या येईपर्यंत ती बाई गेली. एनेलेसीने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, हात धूत असताना, आणि नळ बंद करून लगेच दुसऱ्या विषयावर गेली. पुढे तिने जे केले त्याचे मूळ इथे आहे असे मी मानतो. ती स्वतः तसे म्हणत नाही.

रुग्णालयात तोवर कागद जाऊन स्क्रीन आली होती. परिचारिकांच्या टेबलावर बोटाने चालणारा एक जाड, बॅटरीवरही तग धरणारा पडदा. औषध, तपासणी, सलाईन, सगळे त्यावरच लिहायचे. हे यंत्र सांभाळायला उत्तरेतून आलेला वाटिपासो नावाचा तरुण होता. इथली चेवा भाषा तो आपल्या उत्तरेच्या हेलात बोले आणि त्यावरून रोज बोलणी खाई. एनेलेसीने त्याला गाठले. तिची मागणी साधी होती: सलाईनचे बटण दाबले की कारण विचार. कारण नसेल तर पुढे जाऊ देऊ नकोस.

वाटिपासोने तसे केले. काही आठवड्यांनी तो हसू दाबत वॉर्डात आला.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डात भयंकर साथ आलीय."

"कसली?"

"गिळता न येण्याची. हे बघा. एकीलाही घोटभर पाणी जात नाही. सगळ्यांच्या पुढं तेच कारण."

एनेलेसीने मान वळवून पाहिले. सोबतीणी चुलीवरून जेवण घेऊन आल्या होत्या. न्सिमाची, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाची, वाफ आणि उसिपा मासळीचा वास वॉर्डभर होता. खिडकीपाशी हाताला सुई लावलेली एक आजीबाई मासळीत मीठ कमी पडल्याबद्दल सुनेचा उद्धार करत होती.

"तिलाही जात नाही?"

"तिला तर मुळीच नाही. दोनदा लिहिलंय."

"मग जाऊन सांग तिला. म्हणजे ती मासा परत देईल."

"मी? माझं कोण ऐकतंय इथं?"

"ऐकलं असतं रे, माणसासारखं बोलला असतास तर."

हसणे ओसरल्यावर मात्र एनेलेसीने ती यादी पुन्हा वरपासून वाचली. प्रश्न तिचा होता, आणि तो फसला होता. कापलामुला खोटारडे नव्हते. तरीही त्यांनी दररोज, शांतपणे, प्रत्येक बाईबद्दल खोटे लिहिले होते.

"त्यांना दम देऊ का?" ती म्हणाली.

वाटिपासोने डोके हलवले. "दम दिलात तर ते दुसरं कारण दाबतील. तुम्ही विचारताय, बाटली कशाला? त्यांना सांगायचंय, खाट हवी. खाटेचं बटणच नाही यात. मग ते बिचारे दाबणार काय?"

"मग खाटेचं बटण कर."

"करतो. पण हूक?"

"हूक काय?"

"हूक खाटेपाशीच आहेत ना. खरंच सलाईन लागणारी बाई चटईवर असली तर बाटली कुठं टांगणार? मी बटणं बसवतो, सिस्टर. हूक नाही."

हूक एनेलेसीने बसवून घेतले. चटयांच्या बाजूच्या भिंतीवरही रांगेने हूक लागले, आणि वॉर्डाच्या इतिहासात पहिल्यांदाच खाटेवर बाटलीशिवाय आणि चटईवर बाटलीसह निजणे शक्य झाले. स्क्रीनही बदलली. आता ती आधी खाटेविषयी विचारी: वय, अशक्तपणा, दुखरी कंबर, काहीही चाले. ते झाल्यावर सलाईनचे बटण. बाई बेशुद्ध असेल, ओकत असेल, नाडी बुडत असेल किंवा शस्त्रक्रियेला निघाली असेल, तर स्क्रीन काहीही न विचारता वाट सोडी. एरवी तिचा प्रश्न येई: रुग्णाने तुमच्यासमोर पेलाभर पाणी प्यायले का? आणि त्याखाली: पेला कोणी धरला? लिहिलेली सलाईन दुसऱ्या सकाळी आपोआप गळून पडे; हवी असेल तर नव्याने मागायची. इंजेक्शनांचेही तसेच: बाई खातपीत असेल तर स्क्रीन त्याच औषधाची गोळी पुढे करी.

सकाळी आपोआप गळून पडण्याची युक्ती वाटिपासोची. पेला कोणी धरला हा प्रश्न एनेलेसीचा, आणि वाटिपासोचा त्याला विरोध होता.

"नाव कशाला टाइप करायला लावता? लोक वैतागतील."

"वैतागू देत. नाव टाकायचं तर सोबतीणीला विचारावं लागेल. विचारायचं तर खाटेपाशी जावं लागेल. गेलं की दिसेल, बाई पितेय की नाही."

कारखान्यातून आल्यासारखी ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून सुरळीत चालली असे रुग्णालयाच्या अहवालात सूचित केले आहे. तसे झाले नाही. बाटल्या कमी झाल्या हे खरे. पण भेटीच्या वेळी हूक रिकामे दिसू लागले, आणि वॉर्डात कुजबुज सुरू झाली. तिला वाचा फोडली आमाई न्यामबालो यांनी. आमाई म्हणजे बाईंना द्यायचे आदराचे नाव, आणि या बाई तो आदर मोठ्या आवाजात वसूल करत. त्यांची नणंद जुलाबांनी आजारी होती. तिला जलसंजीवनी चालू होती.

"बाटली कुठंय?" आमाई न्यामबालोंनी विचारले.

"लागत नाही त्यांना, आमाई," एनेलेसी म्हणाली. "आत्ताच दोन पेले प्यायल्या. तुम्हीच तर पाजलेत."

"पाणी तर ती घरीही पीत होती! पेला आमच्याकडं नाही का? एवढ्या लांबून काय पेला बघायला आणलं मी तिला?"

"त्यात औषध आहे."

"मीठ-साखर आहे! चाखलंय मी. या वॉर्डात भिंतभर हूक लावलेत आणि बाटल्या कुठं गेल्या? तळ्यातले मासे पितात का?"

पाहुण्यांत खसखस पिकली. पण शेवटचे वाक्य हसण्यासारखे नव्हते. सरकारी औषधे मागच्या दाराने बाहेर जातात हा संशय इथे कोणालाही नवा नाही. दोन-तीन भेटींच्या वेळांत ती कुजबुज फाटकाबाहेर गेली, आणि रुग्णालय समितीकडे तोंडी तक्रार पोहोचली. सिस्टर म्सोसा बाटल्या दाबून ठेवते; पेल्याचा प्रश्न स्क्रीनवरून काढा. समितीचे अध्यक्ष होते जैलोसी मामा.

त्यांनी भाचीला बोलावून घेतले. ते किनाऱ्यावर एका होडीच्या फटींत कापूस ठासत होते. वर न बघताच बोलले.

"लोक म्हणतात, तू बाटल्या विकतेस."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, माझी भाची विकणार नाही. पण मी हेही विचारतो, आजाऱ्याला सलाईन लावत नाही ते रुग्णालय कसलं? तुला शिकवलं ते सुई टोचायला, एनेलेसी. पेले भरायला नाही. पेले तुझ्या मामीलाही भरता येतात."

"मामा, गेल्या पावसाळ्यात..."

"ऐकलंय मी ते. वाईट झालं. पण बाटल्या संपल्या तर जास्त मागवा. असलेल्या कुलपात कशाला?"

"कुलपात नाहीत. लागेल तिला लावतो."

"महिनाअखेरीला समिती बसतेय. तो प्रश्न काढायचा ठराव येणार. तुझा मामा म्हणून मी गप्प राहिलो तर लोक माझ्या होडीत बसणार नाहीत." मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "जेवून जा. मामीनं मासळी केलीय."

ती जेवून गेली. समितीत काय बोलायचे याची जुळवाजुळव ती त्या दिवसापासून करू लागली. ठराव मंजूर झाला असता तर स्क्रीन पुन्हा आंधळी झाली असती आणि पुढच्या पावसाळ्यात कोठार पुन्हा रिकामे. तिला मामांचा राग आला नव्हता, असे ती सांगते. ते जे म्हणाले तेच सारा जिल्हा म्हणत होता, आणि मामांनी निदान तोंडावर म्हटले होते.

समितीच्या सभेच्या थोडे आधी तिची आई देलिया आजारी पडली. पायांवर सूज तिला बऱ्याच दिवसांपासून होती; हृदय थकले होते. आता खोकला आणि तापही आला. मामी तिला सायकल-टॅक्सीवर घेऊन आली तेव्हा एनेलेसी कोठारात साठा पाहत होती. वॉर्डात कापलामुला होते. सिस्टरची आई म्हटल्यावर त्यांनी स्वतः हात देऊन तिला खिडकीजवळच्या खाटेवर नेले, आणि स्वतः सुई लावली.

एनेलेसी परतली तर आईच्या डोक्यावर बाटली, आणि ती भरभर वाहत होती. तिने स्क्रीनपाशी जाऊन पाहिले. रुग्णाने पेलाभर पाणी प्यायले का? नाही. पेला कोणी धरला? तिथे नाव होते: एनेलेसी म्सोसा.

"डॉक्टर, हे काय?"

कापलामुला ओशाळले. "कोणाचं तरी टाकायला हवं होतं. तुमचं टाकलं तर कोणी विचारणार नाही."

"मी तर कोठारात होते."

"तुमच्यासाठीच केलं, सिस्टर. उद्या म्हणतील, हिनं आईलाही बाटली दिली नाही. आधीच काय काय बोलतायत. एक बाटली. काय बिघडतंय?"

"काय बिघडतं ते तुम्ही मला शिकवलं होतं. हृदय थकलेल्या बाईला काय होतं ते."

दोघेही खाटेकडे गेले. देलिया तीन उशांना टेकून बसली होती आणि एकेक शब्दाला श्वास घेत होती. भेटीची वेळ झाली होती, फाटक उघडले होते, पाहुण्यांचा लोंढा वॉर्डात शिरत होता, आणि त्यात सर्वांत पुढे जैलोसी मामा होते. त्यांनी हुकाकडे पाहिले. त्यांचा चेहरा निवळला. नेमक्या त्याच क्षणी एनेलेसीने हात वर करून नळीचे चाक बंद केले.

"एनेलेसी! काय करतेस?"

"बंद करतेय, मामा."

"माझ्या बहिणीचं? माझ्यासमोर?"

पलीकडून, नणंदेच्या खाटेजवळून, आमाई न्यामबालोंचा आवाज आला. "बघा! सख्ख्या आईलाही सोडत नाही! मग माझ्या नणंदेची काय कथा!"

बोलून झाल्यावर त्यांचा त्यांनाच काहीसा गोंधळ उडाल्यासारखा दिसला, असे त्या वेळी शेजारच्या चटईवर असलेल्या एका बाईने मला सांगितले. बाटल्या विकणारी बाई आईचीही बाटली उतरवते हे हिशेबात बसेना. ही साक्ष एकाच व्यक्तीची आहे. पण ती मला खरी वाटते, कारण त्यानंतर आमाई न्यामबालो बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हे मात्र सगळेच सांगतात.

एनेलेसीने आईच्या पायावरचे चितेंजे, कमरेला गुंडाळायचे कापड, बाजूला केले. "इकडं या, मामा. अंगठा इथं दाबा."

"कशाला?"

"दाबा तर."

मामांनी दाबला आणि काढला. नडगीवर खळगा तसाच राहिला.

"हे पाणीच आहे," ती म्हणाली. तिला राग आला की तिचा आवाज खाली जातो. तो आता जवळजवळ ऐकू येत नव्हता. "आधीच जास्त झालंय. ही बाटली तेच वाढवतेय, आणि ते छातीत चढतंय. येताना सायकलवर आई बोलत होती ना, मामी?"

"बोलत होती म्हणजे! सायकलवाल्याशी भांडली. खड्डे चुकवत नाही म्हणून."

"आता भांडतेय का?"

मामांनी बहिणीकडे पाहिले. ती भांडत नव्हती.

"मग काय देणार तिला?" त्यांनी विचारले. आवाज उतरला होता.

"साठलेलं पाणी निघायला एक इंजेक्शन, आत्ता लगेच. छातीच्या तापाला गोळ्या."

"म्हणजे सुई आहे?"

"एक आहे, मामा."

ही एक सुई मामांना फार आधाराची वाटली असावी. कापलामुलांनी ती चटकन दिली. मग गोळ्यांची वेळ आली. एनेलेसीने पेल्यात थोडे पाणी ओतले आणि तो मामांपुढे धरला.

"मी कशाला? मामी आहे ना."

"मामी आत्ता चुलीकडं निघालीय. मी नर्स म्हणून बघायचं. धरायचा घरच्यांनी. तुम्ही घरचे कर्ते आहात."

पुरुष इथे स्त्रियांच्या वॉर्डात उभे राहतात, खोकतात, आशीर्वाद देतात आणि निघतात. भरवत कोणी नाही. आसपासच्या बायकांनी चितेंजे सावरून कुतूहलाने माना वळवल्या. मामा खाटेच्या कडेवर टेकले. होड्यांच्या डांबराने काळी झालेली त्यांची बोटे पेल्याभोवती आवळली.

देलियाने घोट घेतला, थांबली, श्वास घेतला. "दादा... हात किती... हलतोय तुझा."

"गप. पी."

"होडीत असाच... हलतो?"

"होडीत तू नसतेस. पी म्हणतो ना!"

गोळी गेली. मग दुसरी. एनेलेसी स्क्रीनपाशी गेली, तिने स्वतःचे नाव पुसले, आणि तिथूनच विचारले, "पेला कोणी धरला? नाव?"

"माझं नाव तुला माहीत नाही?"

"मला आहे. हिला नाही."

मामांनी नाव सांगितले. मग उठून, पेला हातात तसाच घेऊन, टेबलापाशी आले आणि ते अक्षर अक्षर उमटताना पाहत राहिले. "आडनावही घाल," ते म्हणाले. "या जिल्ह्यात जैलोसी पुष्कळ आहेत."

संध्याकाळपर्यंत देलियाची धाप कमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने सायकलवाल्याबद्दलची अर्धवट राहिलेली तक्रार पूर्ण केली. गावाकडचे पाहुणे आले. त्यांनी वर पाहिले. हूक रिकामा होता. खाली पाहिले, कुळाचे कर्ते स्वतः पेला घेऊन बसले होते. इथे काही करतात की नाही, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. मामा मात्र रोज येत राहिले, आणि हाताला काम मिळालेल्या माणसाला जे दिसते ते त्यांना दिसू लागले. पाणी भरायला अंगण ओलांडून शवागाराच्या मागच्या नळावर जावे लागे. त्या पाण्याला गंजाचा वास होता. वॉर्डात पेले मोजके, त्यांतले बरेच फुटक्या कडांचे. सोबतीणी आपापल्या घरचा एकच पेला आळीपाळीने वापरत. मामा वाटेत भेटेल त्याला हे ऐकवू लागले. वाटिपासोलाही ऐकवले, जणू नळ त्यानेच तिथे लावला होता.

समितीची सभा रुग्णालयाच्या जेवणाच्या खोलीत भरली. एनेलेसी मागच्या बाकावर, जुळवलेली वाक्ये मनात घोळवत बसली होती. तक्रारदार म्हणून आमाई न्यामबालो आल्या होत्या. व्यवस्थापकांनी विषय वाचला: स्त्रियांच्या वॉर्डातील स्क्रीनवरून पेल्यासंबंधीचा प्रश्न काढून टाकणे.

"तो नंतर," मामा म्हणाले. "आधी मला सांगा, त्या पेल्यात घालायचं काय?"

"म्हणजे, अध्यक्ष?"

"रुग्णालय म्हणतं, पाजा. बरं, पाजतो. पाणी कुठंय? मेलेल्यांच्या मागं! मी रोज तिकडून पाणी आणतोय. वास घेतलाय तुम्ही त्याचा?"

"अध्यक्ष, पाणी हा आजच्या सभेचा विषय नाही."

"मग करा."

इथे आमाई न्यामबालो उठल्या. मामांच्या विरुद्ध बोलायला त्या उठल्या असाव्यात असे सगळ्यांना वाटले. पण नणंदेसाठी त्यांनीही त्याच नळावरून पाणी वाहिले होते. "अगदी बरोबर बोलतायत बाम्बो जैलोसी," मामांना आदराने बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणत त्या बोलल्या. "तो नळ! आणि वाटेत तो चिखल! मी दोनदा घसरले. एकदा तर शवागाराच्या दारातच जाऊन पडले. आतला माणूस म्हणतो, आमाई, तुमची वेळ नाही अजून!"

सभा हसली आणि मग पाण्यावरच तापली. वॉर्डात तोटीचे झाकणाचे पिंप हवे. ते कोण भरणार. पाण्यात शुद्धीकरणाचे औषध कोण टाकणार. चुलीजवळ उकळायचे की नाही. पेले किती घ्यायचे आणि ते कोण धुणार. पेले धुण्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. व्यवस्थापकांना जेवणाची खोली रिकामी करून हवी होती. पिंप मंजूर झाले आणि सभा उठली. स्क्रीनवरच्या प्रश्नाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. पिंपाची मागणी करून झाल्यावर ते काढणे अवघडच होते.

मामांनी हे मुद्दाम केले का? एनेलेसी म्हणते, नक्कीच; मामांना होडी वाऱ्याच्या कोणत्या बाजूने न्यायची ते कळते. वाटिपासो म्हणतो, योगायोग. खुद्द मामांना विचारले तर ते म्हणाले, पाणी वाईट होते म्हणून पाण्याबद्दल बोललो. तिन्ही उत्तरे मी नोंदवून ठेवली आहेत. एकातही मला खोट काढता आली नाही.

प्रश्न राहिला. बाटल्यांचा खप किती घटला याचे आकडे मला तीन ठिकाणी तीन मिळाले, म्हणून इथे देत नाही. पुढच्या पावसाळ्यात मासेमारांच्या वस्तीत पुन्हा जुलाब पसरले. त्या काळात कोठार एकदाही रिकामे झाले नाही, एवढ्यावर तिन्ही ठिकाणांचे एकमत आहे. कापलामुलांना आता वॉर्डातल्या बहुतेक सोबतीणींची नावे पाठ आहेत. कोणाची सासू कोणाशी बोलत नाही तेही त्यांना कळते, आणि त्याचा उपचारांत उपयोग होतो असे त्यांचे म्हणणे आहे.

अलीकडेच पुरुषांच्या वॉर्डचे प्रमुख एनेलेसीकडे आले.

"सिस्टर, तुमचा तो प्रश्न आम्हाला द्या. उद्यापासून लावतो."

"घ्या की. पण तुमच्याकडं बाटली कशासाठी मागतात?"

"खाटेसाठीच असणार."

"तुमच्या वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या असतात."

ते विचारात पडले. "हो, ते आहे. मग कशासाठी?"

"मला काय माहीत? मी पुरुष आहे का?" एनेलेसी म्हणाली. "भेटीच्या वेळी दाराशी खुर्ची टाकून बसा. काय बोलतात ते ऐका. मग वाटिपासोला बोलवा. आणि पिंप आत्तापासूनच मागून ठेवा; त्याला फार वेळ लागतो."

गेल्या आठवड्यात मी तिकडून गेलो तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आणि एका रिकाम्या खाटेशेजारी दोन भाऊ बाटलीवरून भांडत होते. प्रमुखांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली.